बांधावरचे इशारास्तंभ

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेमध्ये मी एका यंत्राचे, दोन केळीबागांचे आणि एका मनुष्याच्या अंतःकरणात वाढीस लागलेल्या मत्सराचे यथाशक्ती वर्णन करणार आहे. सदर यंत्र अद्याप जगात आलेले नाही. परंतु ते येण्याच्या वाटेवर आहे असे मानण्यास विज्ञानाची हरकत नसावी. केळी आणि मत्सर यांच्याबाबतीत तसा प्रश्नच उद्भवत नाही. वाचकांनी शांत चित्ताने वाचावे आणि कोण बरोबर, कोण चूक हे ठरवण्याची घाई करू नये, एवढी प्रार्थना करून कथेस आरंभ करतो.

आजपासून पंधराएक वर्षांनंतरचा काळ. सातपुड्याच्या पायथ्याशी, सावद्याच्या पुढे, ‘पर्णवाणी कृषितंत्र’ या नावाची एक कंपनी केळीच्या बागांमध्ये इशारास्तंभ उभारण्याचे कार्य करीत होती. इशारास्तंभ म्हणजे काय, ते प्रथम सांगणे अगत्याचे आहे.

वनस्पतींना वाचा नसते, परंतु त्या अगदीच मुक्या नसतात. एखाद्या पानाला कीड लागली की ते पान हवेत अतिसूक्ष्म गंधद्रव्ये सोडते. गवत कापल्यावर जो हिरवा वास येतो, तो याच जातीचा होय. शेजारच्या झाडाला हा गंध पोहोचताच ते सावध होते आणि आपल्या रसात कडू व चिवट द्रव्ये तयार करू लागते. गल्लीत एका घरी चोरी झाली म्हणजे बाकीची घरे लवकर कड्या लावतात, तद्वत हा प्रकार आहे. पर्णवाणी कंपनीच्या शास्त्रज्ञांनी केळीचे हे गंधद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले, ते पुरुषभर उंचीच्या खांबात भरले आणि खांबाच्या तोंडातून ते ठराविक वेळाने हवेत सुटेल अशी योजना केली. कीड येण्यापूर्वीच केळी सावध होणार आणि फवारणीची गरज उरणार नाही, असा त्यात हेतू होता. हेतू उत्तम होता. कंपनीची अवस्था मात्र उत्तम नव्हती.

कंपनीचे प्रमुख श्री. विक्रांत दफ्तरदार हे परदेशी शिकून आलेले, मृदुभाषी आणि सदैव हसतमुख असे गृहस्थ होते. त्यांना वाईट बातमी सहन होत नसे. दर सोमवारी सकाळी ‘अभिनंदन सभा’ भरे व तिच्यात केवळ चांगले तेच बोलायचे असा दंडक होता. कोणी अडचण मांडली तर ते हसून म्हणत, “ही ऊर्जा जरा बाहेर ठेवून या, आणि मग आत बसा.” मनुष्य खरोखरच बाहेर जाऊन, थोडा वेळ उभा राहून, रिकाम्या मनाने परत येत असे. डॉ. मृणाल फडणीस नावाच्या एका शास्त्रज्ञ बाईंनी एकदा सुचवले होते, की तुलनेसाठी एक बाग खांबांविना ठेवावी, म्हणजे खांबांमुळे नेमका काय फरक पडतो ते कळेल. दफ्तरदार म्हणाले, “जो भूखंड जिंकणारच नाही, तो मला कशाला?” बाई पुढे ती नोकरी सोडून गेल्या आणि तुलनेचा विषय त्यांच्याबरोबरच गेला.

दफ्तरदारांची दुसरी योजना ‘जोडी’ या नावाने ओळखली जाई. प्रत्येक कर्मचाऱ्याला एक जोडीदार नेमून दिलेला असे. एकाचे कामाचे गुण वाढले की दुसऱ्याच्या मनगटावरील पट्टी थरथरे आणि तिच्यातून गोड आवाज येई, “आपले जोडीदार पुढे गेले आहेत.” कामावर, घरी, देवळात, कोठेही हा आवाज येत असे, आणि पट्टी काढून ठेवणाऱ्याचे गुण कमी होत.

आपल्या कथेचा नायक लीलाधर वायकोळे हा या कंपनीत क्षेत्र अधिकारी होता आणि त्याचा जोडीदार होता हर्षल बऱ्हाटे. हर्षल हा त्याचा सख्खा साडू, म्हणजे पत्नी रोहिणी हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला कंपनीत लीलाधरनेच आणले होते. “पोरगा मेहनती आहे,” असे त्याने साहेबांना सांगितले होते, आणि त्या वाक्याचा त्याला आता रोज पश्चात्ताप होत होता.

दोघांच्या प्रायोगिक बागा एका बांधाने विभागलेल्या होत्या. पश्चिमेची लीलाधरची, पूर्वेची हर्षलची. हंगामाच्या शेवटी ज्याची बाग सरस ठरेल त्याला क्षेत्रप्रमुख करणार व दुसऱ्याला निरोप देणार, असे दफ्तरदारांनी जाहीर केले होते. लीलाधर सर्वांच्या आधी बागेत येई, पाने उलटून पाही, खांबांची तोंडे पुसे. हर्षल उशिरा येई, मजूर बायांच्या डब्यातली चटणी खाई आणि दुपारी केळीच्या सावलीत निजे. आणि तरीही थरथरत असे ती लीलाधरची पट्टी.

हिवाळ्यात सासरे सीतारामबापू यांनी आपल्या मळ्यात भरीत-पुरीचा बेत केला होता. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती आणि दोन्ही जावई पंगतीत समोरासमोर बसले होते. हर्षल घास तोंडात घालणार, तोच लीलाधरच्या मनगटावरून आवाज आला, “आपले जोडीदार पुढे गेले आहेत.”

सगळी पंगत हसली. बापू म्हणाले, “या पट्टीले बी एक ताट वाढा रे. लई दमली असंन बिचारी.”

“अरे, मी तर इथं जेवतो आहे,” हर्षल म्हणाला. “पुढे कुठं गेलो? भाऊ, मी वांगं बी दुसऱ्यांदा नाही घेतलं अजून.”

“घे ना,” लीलाधर म्हणाला. “तुले कोण अडवतं?”

तो हसला खरा, परंतु त्या दिवशी त्याला भरताची चव लागली नाही. बापूंनी हर्षलच्या पानात आग्रहाने वाढले आणि त्याच्या पानात नुसते वाढले, हा भेद इतर कोणाला दिसला नसेल, त्याला दिसला.

पुढे उन्हाळ्याची चाहूल लागली आणि पश्चिमेचे वारे सुरू झाले. एके सकाळी इंदूबाई नावाची मजूर बाई तीन दगडांवर चहा उकळीत होती. लीलाधर जवळच उभा होता.

“सरका ना भाऊ,” इंदूबाई म्हणाली. “तुम्ही असे उभे राह्यले का मले वाटतं, चहाले बी मार्क देता का काय.”

लीलाधरचे तिकडे लक्ष नव्हते. तो धुराकडे पाहत होता. चुलीचा सगळा धूर बांध ओलांडून हर्षलच्या बागेत जात होता. त्याच बांधावर खांबांची एक रांग होती. ते खांब लीलाधरच्या नावावर होते, त्यातील द्रव्य तो भरत होता, तोंडे तो पुसत होता, आणि त्यांचा इशारा वाऱ्यावर बसून हर्षलच्या पहिल्या वळींना, म्हणजे बांधालगतच्या झाडांच्या ओळींना, मिळत होता. हर्षलचे स्वतःचे खांब बागेत बरेच आत होते आणि त्यांचा गंध वाऱ्याबरोबर आणखी पूर्वेकडे जात होता. हर्षल निजलेला असताना त्याची केळी लीलाधरच्या कष्टांवर सावध होत होती. हा विचार त्याच्या मनात असा रुतला, की त्याने हातातला चहा न पिताच खाली ठेवला.

बाग नुकतीच निसवली होती, म्हणजे केळीतून घड बाहेर पडले होते, आणि घडांवर घालायच्या निळ्या पिशव्या आलेल्या होत्या. सर्व मजूर पलीकडच्या टोकाला गेले असता लीलाधरने त्यांतल्या काही पिशव्या उचलल्या आणि बांधावरील प्रत्येक खांबाच्या तोंडावर चढवून सुतळीने घट्ट बांधल्या. खांब आतून चालूच होते, त्यामुळे कार्यालयातील पडद्यावर ते चालू दिसत होते, आणि घडांवरच्या शेकडो निळ्या पिशव्यांत या पिशव्या सहज कोणाच्या नजरेत भरत नव्हत्या. आपण काही चोरीत नाही, केवळ आपले ते आपल्याजवळ ठेवीत आहोत, असे त्याने स्वतःला समजावले. आता हर्षलच्या त्या वळींवर फुलकिडे पडतील, केळांवर डाग येतील, आणि पट्टी त्याच्या मनगटावर थरथरेल. कापणीच्या आधी, तपासणीच्या सुमारास, त्याने सर्व पिशव्या गुपचूप काढून टाकल्या.

परंतु निसर्गाने वेगळाच निकाल दिला.

दोन्ही बागांतील केळी निरोगी होती, पण घड भरले नव्हते. केळ भरले म्हणजे त्याच्या धारा बुजतात आणि ते गोल दिसते. येथे बोट लावले तर धार हाताला लागत होती. केवळ एका ठिकाणी, हर्षलच्या बागेतील बांधालगतच्या पहिल्या वळींमध्ये, घड असे लगडले होते की खोडांना टेकू द्यावे लागले. सालीवर फुलकिड्यांचे थोडे ठिपके होते, परंतु एकेक फणी दोन हातांत मावेना.

लीलाधर त्या वळींमध्ये बराच वेळ उभा राहिला. त्याला शास्त्र फार येत नव्हते, परंतु समोर जे होते ते समजण्यास पुरेसे येत होते. झाडाला सूर्यापासून जे मिळते ते मर्यादित असते. त्यातून त्याने कडू द्रव्य करायचे की फळ भरायचे, यांपैकी एक वाढले की दुसरे घटते. धोका क्वचित असेल तर झाड थोडे सावध होऊन पुन्हा आपल्या कामास लागते. येथे मात्र खांब दिवसभर, दररोज, नसलेल्या किडीची हाक देत होते, आणि केळी बिचाऱ्या फळ सोडून लढाईची तयारी करीत बसल्या होत्या. ज्या वळींना हाक ऐकू गेली नाही, त्या निश्चिंतपणे भरल्या. डॉ. फडणीस बाईंनी मागितलेली तुलनेची बाग कंपनीने दिली नव्हती. ती लीलाधरच्या द्वेषाने तयार झाली होती.

हे ज्ञान जगात फक्त आपल्याजवळ आहे, असे त्याला वाटले. आणि ते सांगायचे तर पिशव्यांचे सांगावे लागणार होते.

सोमवारच्या सभेत दफ्तरदार अतिशय प्रसन्न होते. त्यांनी भिंतीवर नकाशा लावला होता.

“वारा पश्चिमेचा,” ते म्हणाले. “म्हणजे हर्षलच्या या वळींना दोन्ही बागांचा इशारा मिळाला. दुप्पट इशारा, आणि पाहा, घड कसे भरले. आपण आजवर कमी देत होतो, मित्रहो. या हंगामापासून तालुक्यातल्या सगळ्या सभासद शेतकऱ्यांच्या बागांत इशारा दुप्पट करायचा. ही योजना हर्षलच्या नावाने जाईल. अभिनंदन, क्षेत्रप्रमुख.”

टाळ्या झाल्या. लीलाधरनेही वाजवल्या. पुढच्या सोमवारी आदेश निघणार होता आणि त्याच दिवशी त्याला स्वतःला निरोप मिळणार होता.

घरी आल्यावर रोहिणीने त्याच्यापुढे पेढा ठेवला. तिच्या बहिणीकडून आला होता. त्याने ताटली बाजूला सारली.

“खा ना,” रोहिणी म्हणाली. “आपलाच माणूस आहे.”

“आपला आहे म्हणून तर उतरत नाही.”

“बापूंनी बी नाव नोंदवलं म्हणे कंपनीत. सगळी बाग. जावई साहेब झाला म्हणून.”

लीलाधरने मान वर केली. गेली कितीतरी वर्षे तो स्वतः बापूंच्या विनवण्या करीत होता की खांब लावून पाहा, आणि बापू म्हणत, पाहू. आता हर्षलच्या एका पदापुढे त्यांनी संपूर्ण बाग देऊन टाकली होती. त्या हेव्यातूनच त्याला एक विचार सुचला, जो लिहिताना माझीही लेखणी अडखळते. आपण फक्त गप्प बसायचे. नोकरी तर तशीही जाणार. दुप्पट इशाऱ्याने तालुक्यातले घड भरणार नाहीत. योजना हर्षलच्या नावाची आहे, लोक हर्षललाच धरतील, त्याला गावात तोंड दाखवता येणार नाही, आणि बापूंनाही कळेल की जावई कसा असतो.

“तुम्ही असे हसता कशाले?” रोहिणीने विचारले.

आपण हसत होतो हे त्याला ठाऊक नव्हते. समोरच्या कपाटाच्या आरशात त्याला आपला चेहरा दिसला आणि तो त्याला आवडला नाही.

“रोहिणी, बापूंची बाग वाया जाईल,” तो म्हणाला आणि मग त्याने तिला सर्व सांगितले, पिशव्यांसकट.

तिने पेढा उचलून परत डब्यात ठेवला. मग म्हणाली, “माझ्या बहिणीच्या घरावर तुम्ही कीड सोडाले निघाले होते.”

“हो.”

“मग आता सभेत बी असंच सांगा. मले सांगून काय होते?”

पुढच्या सोमवारी लीलाधर सभेत उभा राहिला. त्याने खांब, पिशव्या, सुतळी आणि भरलेल्या घडांचे कारण, सगळे क्रमाने सांगितले. मागून कोणीतरी हलकेच म्हणाले, “जोडीदार आहे ना.” दोघेतिघे हसले.

दफ्तरदार उठून त्याच्याजवळ आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“लीलाधर, मला तुमचं दुःख समजतं. पण पडद्यावर नोंद आहे. खांब एकही दिवस बंद नव्हते. हे तुम्ही नाही, तुमचा मत्सर बोलतो आहे. ही ऊर्जा बाहेर ठेवून या.”

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. लीलाधर ज्या ज्या वेळी मत्सराने वागला, त्या त्या वेळी कोणाला संशय आला नव्हता. आज मत्सर गिळून तो प्रथमच खरे बोलला, आणि त्यालाच सर्वजण मत्सर म्हणत होते. ज्या घरात प्रत्येकाला दुसऱ्याविरुद्ध उभे केलेले असते, तेथे दुसऱ्याविषयीचे सत्य सांगायला साक्षीदारच उरत नाही. कंपनीने मनगटपट्ट्या वाटल्या तेव्हा हा परिणाम कोणी हिशेबात धरला नव्हता.

तो दाराकडे वळला. तेवढ्यात हर्षल बसल्या जागेवरून म्हणाला, “पिशव्या होत्या साहेब. निळ्या. मी पाह्यल्या होत्या.”

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

“कधी?” दफ्तरदारांनी विचारले.

“बांधल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी. माझ्या वळींले इशारा गेलाच नाही. दुप्पट करसाल, तर शेतकऱ्यांची बाग वाया जाईन. माझ्या नावाने नका काढू ते.”

“मग तुम्ही तेव्हाच तक्रार का नाही केली?”

“साडू आहे माझा,” हर्षल म्हणाला. “तक्रार केली असती तर सणाले भेटायचं कसं?”

या वेळी कोणी हसले नाही. पडद्यावरील नोंद तीच होती, शब्दही जवळपास तेच होते, परंतु सर्वांचा विश्वास बसला होता. कारण बोलणाऱ्याने आपले पद स्वतःच्या हाताने खाली ठेवले होते. दाराशी उभ्या असलेल्या लीलाधरला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. त्याला हेवा वाटला. खाली ठेवण्यासाठी हर्षलजवळ काहीतरी होते. आपल्याजवळ फक्त खरे होते, आणि ते पुरले नाही.

बाहेर, गाड्या लावायच्या पत्र्याच्या शेडखाली, त्याने हर्षलला गाठले.

“तुले माहीत होतं. अन् तू पेढे वाटले.”

“पेढे तुमच्या साळीने वाटले. मी नाही म्हणत होतो.”

“पिशव्या काढल्या का नाही?”

हर्षलने डोके खाजवले. “लई नीट बांधल्या होत्या भाऊ. तुम्ही माझ्यासाठी इतकं बारकाईनं काही केलंच नव्हतं आजवर. हात नाही धजावला.”

हर्षल मोटारसायकल सुरू करून निघून गेला.

दुप्पट इशाऱ्याचा आदेश रद्द झाला. दफ्तरदारांनी त्यातूनही चांगलेच तेवढे पाहिले. बाब लपवून ठेवल्याबद्दल हर्षलला निरोप देण्यात आला आणि लीलाधरला, ‘शोध लावल्याबद्दल’, क्षेत्रप्रमुख करण्यात आले. त्याने पद घेतले. नको म्हणण्याइतका तो मोठा नव्हता, आणि कोणीतरी खांबांची तोंडे बंद करायलाच हवी होती. त्याने गावोगावी फिरून शेतकऱ्यांना शिकवले, की खांब झाकून ठेवायचे, फुलकिडे खरोखर दिसले तरच पिशवी काढायची, आणि कीड आटोक्यात आली की पुन्हा झाकायचे. त्या वर्षी तालुक्यातील घड भरले. हर्षल बापूंची बाग पाहू लागला.

पण लोकांच्या तोंडी त्या पद्धतीला जे नाव पडले, ते कंपनीने दिलेले नव्हते. सभेतील हकीगत बाहेर आली होती आणि लोकांना त्यातला एकच भाग सांगावासा वाटत होता, पद सोडणाऱ्याचा. ‘बऱ्हाट्यांच्या हर्षलची पद्धत’ असे सारे म्हणू लागले. लीलाधरने ते प्रथम ऐकले, तेव्हा तो तोंड उघडून थांबला. पिशव्या कोणी बांधल्या, वळींत उभे राहून कारण कोणी ओळखले, गावोगावी ऊन कोणी खाल्ले, हे सर्व त्याला सांगता आले असते. सांगितले असते तर ऐकणाऱ्याने मान डोलावली असती आणि घरी जाऊन म्हटले असते, साडूचा हेवा करतो.

त्यानंतर काही दिवसांनी तो चिनावलकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बागेत खांबावर पिशवी बांधून दाखवीत होता. म्हाताऱ्याने सुतळीची गाठ निरखून पाहिली.

“हे चांगलं काढलं,” तो म्हणाला. “कोणाची डोकॅलिटी हो ही?”

त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. आसपास कोणी नव्हते. लीलाधर गाठ ओढत राहिला. मनात तो जुना हेवा जागा झाला, आणि त्याच्यासकटच तो म्हणाला, “माझ्या साडूची. हर्षल बऱ्हाटे.”

“हुशार दिसतो.”

“हुशार नाही,” लीलाधर म्हणाला. “चांगला आहे.” आणि त्याने पुढच्या खांबाकडे जाण्यासाठी पिशवी उचलली.

वाचकहो, कथा येथे पूर्ण झाली. लीलाधरचा मत्सर नाहीसा झाला असे लिहिता आले असते तर मला बरे वाटले असते, परंतु तसे घडले असेल असे मला वाटत नाही. शास्त्राच्या वर्णनात माझ्याकडून काही उणे राहिले असल्यास जाणकारांनी ते सांभाळून घ्यावे. आपण आपला अमूल्य वेळ देऊन हे लेखन शेवटपर्यंत वाचले, याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
सुधाकर नामदेव तायडे
मुक्काम वरणगाव